नाना, अध्यक्ष मोठे की सभापती

नाना, तुमच्या शोकसभेत चार जण बोलले आणि चौघांनीही तुम्हाला अजातशत्रू ठरवलं. शांत, मितभाषी, कुणाला कधी दुखावलं नाही, वगैरे. मी तिसऱ्या रांगेत बसून ऐकत होते आणि मला इतका संताप येत होता की शेजारच्या बाईंना वाटलं मी रडतेय, त्यांनी रुमाल पुढे केला. अहो, दहा वर्षं माझ्याशी भांडलात तुम्ही! सूत्रसंचालक "मॅडम, दोन शब्द" म्हणून माझ्याकडे वळले तेव्हा मी मानेनंच नको म्हटलं. जे बोलायला हवं होतं ते त्या हॉलमध्ये, तुमच्या हार घातलेल्या फोटोसमोर बोलायची माझी छाती नव्हती. म्हणून इथे लिहिते आहे.

पहिला दिवस आठवतो? कामोठ्यात माझा स्पर्धा परीक्षांचा क्लास, तळमजल्यावर, काचेच्या दाराचा. शेजारी झेरॉक्सचं दुकान. तुम्ही पेन्शनसाठी लागणाऱ्या हयातीच्या दाखल्याच्या प्रती काढायला पनवेलहून आला होतात, कारण तुमच्या गल्लीतला झेरॉक्सवाला म्हणे पान तिरकं लावतो. आत माझा राज्यशास्त्राचा तास चालू होता. फळ्यावर दोन रकाने आखले होते. डावीकडे विधानसभेचे अध्यक्ष, उजवीकडे विधान परिषदेचे सभापती, आणि खाली दोघांच्या अधिकारांची तुलना. तुम्ही चपला बाहेर काढल्यात, दार ढकललंत आणि भरल्या वर्गासमोर म्हणालात, "बाय, तिसऱ्या ओळीत चूक हाय."

मी म्हटलं, "आपण कोण?"

"कोण नाय. ती ओळ पूस आधी. संयुक्त बैठक आन् तिचं अध्यक्षस्थान, ते दिल्लीचं. आपल्या राज्यात दोन घरं भांडण मिटवायला एकत्र बसत नायत. वरच्या घरानं विधेयक तीन महिने अडवायचं, परत आलं तर एक महिना. मग खालच्या घराचंच खरं."

मुलं हसली. मी पुस्तक उघडून पाहिलं आणि पुस्तकही तुमच्या बाजूनं निघालं. त्या दिवशी मला तुमचा जो राग आला तो खरं सांगायचं तर पुरता कधी गेलाच नाही. चहाला थांबलात तेव्हा कळलं की तुम्ही विधिमंडळात प्रतिवेदक होतात. सभागृहाच्या मधोमध टेबलाशी बसून, प्रत्येक जण जे बोलेल ते शब्दाला शब्द लघुलेखनात उतरवून घेणारा माणूस. तीस वर्षं. मुंबईची अधिवेशनं, नागपूरची अधिवेशनं, दोन्ही सभागृहं. "तीस वर्षं सभागृहात बसलो," तुम्ही म्हणालात, "आन् एक शब्द बोललो नाय." आणि वर अभिमानानं बशीतला चहा भुरकलात.

नंतर दर रविवारी तुम्ही यायला लागलात. मुलं गेल्यावर फळ्याजवळच्या बाकावर बसायचं आणि त्या दोन रकान्यांवरून माझं डोकं पिकवायचं. माझं म्हणणं साधं होतं. अध्यक्ष मोठे. एखादं विधेयक धनविधेयक आहे की नाही हे तेच ठरवणार, त्यांच्या दाखल्यावर कुणी हूं की चूं करायचं नाही. शिवाय ते लोकांनी थेट निवडून दिलेल्या घराचे प्रमुख. मंत्रिमंडळ जबाबदार असतं ते त्याच घराला. सभापतींच्या रकान्यात मी काय लिहू? सभा चालवणं, शिस्त राखणं, मतं समसमान पडली तर निर्णायक मत देणं. ते तर अध्यक्षांकडेही आहेच. पक्षांतर केलेल्या सदस्याला अपात्र ठरवायचं ते आपापल्या घरात दोघेही ठरवतात. मग सभापतींकडे उरलं काय?

"घर उरलं," तुम्ही म्हणायचात. "अध्यक्षाचं घर पाच वर्षांचं. मुदत संपली का मोडलं. त्याची स्वतःची खुर्ची नवं घर बसेस्तोवर राहते, पन घरात पडलेलं काम राहत नाय. सभापतीचं घर मोडत नाय. दर दोन वर्षांनी तिसरा हिस्सा उठतो, तिसरा येऊन बसतो, चूल चालूच. जोर कोणाचा जास्त ते इचारू नको, टिकतंय कोण ते इचार."

मी म्हणायची, टिकून काय करायचंय, जोर हवा. आणि भांडण पेटलं की तुमची भाषा बदलायची. घरातली आगरी बोली जायची आणि विधिमंडळातलं खणखणीत शुद्ध मराठी यायचं. "आपण विषय समजून न घेता मत मांडत आहात." तुम्ही मला 'आपण' म्हटलंत की मी ओळखायची, म्हातारा चिडला. मग मी मुद्दाम आणखी डिवचायची. हे सगळं मला आवडायचं, नाना. तेवढं तरी कधी तुम्हाला सांगायला हवं होतं.

तुमचं आवडतं उदाहरण वेगळंच होतं. एकदा एका सदस्यानं भर सभागृहात जहाल काहीतरी म्हटलं, तुम्ही ते शब्दाला शब्द उतरवलंत, आणि अध्यक्षांनी ते कामकाजातून काढून टाकायला सांगितलं. पुढे वरच्या सभागृहात सभापतींनीही एकदा तसंच केलं. "माझ्या कानांनी ऐकलेलं, माझ्या हातानं लिहिलेलं, ते कंदी बोललंच गेलं नाय असं झालं. केवढी ताकद!" मी विचारलं, मग यात मोठं कोण? तुम्ही हसलात. "बोललेलं पुसता येतंय, बाय. पन न बोललेलं लिहिता येत नाय. तिथं अध्यक्षबी लंगडा आन् सभापतीबी लंगडा. कोणी बोलल्याबिगर मी पेन उचलला नाय. समोरच्याच्या मनात काय हाय ते मना कळायचं, तोंडावर दिसायचं, तरीबी नाय." मी त्यावर टाळी दिली होती. किती मूर्ख होते मी.

मग तुमच्या गावाचा अर्ज आला.

तळोज्याच्या पलीकडे खाडीला लागून तुमचं गाव. तुमच्या धाकट्या भावाचा, बाळारामदादांचा, जिताडा माशांचा तलाव. भरतीचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या फळ्यांच्या दारातून, आत घ्यायचं, पिल्लं वाढवायची, आणि पाहुणा आला की तलावातला जिताडा काढून त्याला जेवू घालायचा. मलाही घातलेला. त्या वर्षी वरच्या अंगानं कुठून तरी कारखान्याचं पाणी खाडीत आलं आणि एका सकाळी अख्खा तलाव पांढऱ्या पोटांनी भरला. बाळारामदादा बांधावर उकिडवे बसले होते. "रातीला कोनीतरी टँकर सोरला नाल्यान," ते म्हणाले. "सांगाचा कोनाला? जो येतो तो नाक दाबून जातो."

सांगायचं कुणाला हे आपल्या दोघांना माहीत होतं. विधिमंडळाकडे विनंती अर्ज करता येतो. सदस्यानं तो सभागृहात सादर करायचा, मग तो समितीकडे जातो, समिती अधिकाऱ्यांना बोलावून जाब विचारू शकते, जागेवर येऊन पाहू शकते. प्रश्न एवढाच होता की कुठल्या घरात. तुम्ही म्हणालात, "वरच्या घरात देऊ. खालच्याची मुदत संपत आली हाय." मी म्हटलं, अजून वर्ष आहे. तुम्ही म्हणालात, वर्षात समिती बूटसुद्धा घालत नाही. मी म्हटलं, नाना, इथेही तुमचा सभापतींचा हट्ट? जिथे जोर आहे तिथेच जाऊ. तुम्ही 'आपण' वर आलात. मीही आवाज चढवला. शेवटी सह्या गोळा करणारी मी, आमदारांना भेटणारी मी, अर्जावर पहिली सही माझी. घोडं पुढे दामटलं ते मीच. तुम्ही अर्जाचा मसुदा मात्र असा लिहून दिलात की आमदारांचे सहायक दोनदा विचारून गेले, हा कुणी लिहिला म्हणून.

अर्ज सादर झाला. विधान भवनाच्या पायऱ्यांवर आमदारांसोबत अर्ज हातात धरलेला माझा फोटो निघाला. तुम्ही फोटोत नव्हतात, बाजूला माझी पर्स धरून उभे होतात. आणि मी काय केलं? तो फोटो क्लासच्या फलकावर छापला. 'विधिमंडळ शिकायचं तर विधिमंडळात लढणाऱ्या मॅडमकडून!' खाली दोन फोन नंबर. तुम्ही तो फलक पाहिलात, चष्मा पुसलात, परत पाहिलात आणि म्हणालात, "उद्गारचिन्ह एकच लावलंस ते बरं केलं."

समितीचं पत्र आलं की अर्ज दाखल करून घेतला आहे. आपण पेढे खाल्ले. बाळारामदादांनी तलाव उपसून चुना मारला, पाणी सुधारलं की पुन्हा पिल्लं सोडायची म्हणून. मग अधिवेशन झालं, नुसतंच झालं. मग निवडणूक लागली. जुनी विधानसभा संपली. आणि काही दिवसांनी क्लासच्या पत्त्यावर माझ्या नावानं चार ओळींचं पत्र आलं की विधानसभेची मुदत संपल्यामुळे आपला विनंती अर्ज व्यपगत झाला आहे. व्यपगत. म्हणजे कुणी मारला नाही, नाकारला नाही, आपोआप मेला. कुणावर चिडायचं तेही ठेवलं नाही. नियमच तो. फळ्यावर मीच शिकवायची.

ते पत्र मी टेबलाच्या खणात, जुन्या हॉल तिकिटांच्या खाली ठेवलं.

तुम्ही रविवारी आलात. बाकावर बसलात. विचारलंत, "काय बाय, आपल्या अर्जाचं?"

मी म्हटलं, "समितीपुढे आहे."

का म्हटलं? आज मी स्वतःला खोदून विचारते तेव्हा उत्तर फार क्षुल्लक निघतं. बाहेर तो फलक लागला होता. तुम्ही बरोबर होतात आणि मी चूक, हे दुसऱ्यांदा, आणि या वेळी फळा पुसून भागणार नव्हतं. मला वाटलं, नवं सरकार बसू दे, नव्यानं अर्ज करू, मग सांगू. हळूच, हसत हसत. पण पुढच्या रविवारी तुम्ही त्याच शब्दांत विचारलंत आणि मी त्याच शब्दांत उत्तर दिलं. आणि त्याच्या पुढच्याही. एकदा खोटं बोललं की त्याला दर आठवड्याला पाणी घालावं लागतं. आठ-नऊ महिने मी ते घातलं.

आणि तुम्ही? तीस वर्षं विधिमंडळात काढलेला माणूस. मला नियम तुम्ही शिकवलेत. विधानसभा संपली त्याच दिवशी अर्ज संपला हे तुम्हाला माहीत नव्हतं? मी पुन्हा पुन्हा स्वतःला समजावलं की म्हातारपण आहे, विसरले असतील. सोयीचं होतं तसं समजणं. पण दर रविवारी तोच प्रश्न, तेच शब्द, आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबणं. विसरलेला माणूस असं थांबत नाही.

दवाखान्यातली शेवटची भेट तर मला आयुष्यभर पुरणार आहे. नाकात नळी, आवाज खोल गेलेला. तुमच्या मंडळी, काकी, औषधं आणायला खाली गेल्या होत्या. तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, "आपला अर्ज समितीसमोर प्रलंबित आहे का?"

शुद्ध मराठीत. 'बाय' नाही. मी ओळखलं की तुम्ही चिडलेले आहात. मी ओळखलं की तुम्हाला माहीत आहे. तरी मी म्हटलं, "आहे, नाना."

तुम्ही म्हणालात, "नोंद घेतली." आणि भिंतीकडे तोंड केलंत.

तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. दहाव्याला गावी गेले तर तलावाच्या जागी मुरूम. सपाट, पिवळा, वर कंटेनर रचलेले. उघाडीच्या दोन फळ्या तेवढ्या कुंपणाला टेकवून ठेवलेल्या. मी बाळारामदादांना विचारलं, हे कधी? ते माझ्याकडे बघेनात. म्हणाले, "पावसाआधी दिला कंटेनरवाल्यांना. किती थांबाचा, मॅडम? नाना बोलला व्हता, वरच्या सभेचा अर्ज तयार हाय, सह्या झाल्यान, मॅडम सांगतील तवा देऊ. मी इचारला, कवा सांगतील? बोलला, सांगतील. मी नाय इचारनार."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग काकी आतून फाईल घेऊन आल्या. "तुज्यासाठी ठेवलीय," म्हणाल्या. "मना बोलले, ती येऊन बोलली तरच दे. पन आता ते नायत, मी कोनाचा ऐकू?"

फाईलमध्ये अर्ज होता, तुमच्या अक्षरात. 'माननीय सभापती, विधान परिषद यांस.' तोच मसुदा, नवा मायना, नव्या सह्या. बाळारामदादांची, उघाडीशेजारच्या चार घरांची, तुमची. तारीख विधानसभा संपली त्याच आठवड्यातली. माझ्या खोटेपणाचा पहिला रविवार यायच्या आधीची. आणि सर्वांत वर, पहिल्या सहीची जागा कोरी. शेजारी पेन्सिलीनं माझं नाव.

नाना, मी तिथे रडले नाही. मला तुमचा इतका राग आला की काकींच्या हातातून फाईल घेताना मी त्यांचा नीट निरोपही घेतला नाही. तयार अर्ज होता! वरचं घर तिथेच होतं, तुमच्याच म्हणण्याप्रमाणे न मोडलेलं. एक फोन करायचा, "बाय, खोटं बोलतेस, ये आणि सही कर." मी आले असते. लाजले असते, दोन दिवस तोंड लपवलं असतं, पण आले असते. नाही तर माझी सही वगळून द्यायचा होता अर्ज. माझ्या सहीवाचून काय अडलं होतं? पण तुमचा नियम! कुणी बोलल्याशिवाय लिहायचं नाही. सभागृहातला नियम तुम्ही माणसांत आणलात. माझी तोंडानं कबुली यावी म्हणून थांबलात, आणि तोवर एक माणूस बांधावर बसून थांबला होता. त्याची जन्मभराची कमाई बुजवली ती तुमच्या गप्प बसण्यानं आणि माझ्या बोलण्यानं. कुणाचा वाटा किती, हे ठरवायला आता वर कुणी खुर्चीवर नाही. दोन घरं भांडण मिटवायला एकत्र बसत नाहीत, हे तुम्हीच पहिल्या दिवशी सांगितलं होतंत.

लोक म्हणतात, गेलेल्या माणसावर रागवू नये. मग कुणावर रागवायचं? जिवंतपणी आपण भांडलो ते त्या दोन खुर्च्यांवरून, ज्यांवर बसणाऱ्यांना आपली नावंही माहीत नव्हती. दहा वर्षं! धनविधेयक, दाखला, निर्णायक मत. आणि जिथे खरं भांडायला हवं होतं तिथे तुम्ही चष्मा पुसत राहिलात आणि मी पेढ्याचा रिकामा खोका सांभाळत राहिले. तुम्ही मला जे शिकवलंत ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं, त्याबद्दल मी जन्मभर ऋणी आहे. आणि तुम्ही मला जे शिकवलं नाहीत त्याबद्दल मी तुम्हाला माफ करणार नाही. दोन्ही खरं आहे. यातलं एक कामकाजातून काढून टाका असं कुणी म्हटलं तरी मी काढणार नाही.

काल फलक उतरवला. माणूस शिडीवर चढला तेव्हा म्हणाला, "मॅडम, चांगला आहे की अजून." मी म्हटलं, उतरव. मग वर्ग रिकामा झाल्यावर खण उघडला. हॉल तिकिटांखालून पत्र काढलं. तुमची फाईल त्याच्या शेजारी ठेवली. माझ्या खुर्चीवर नाही बसले. अध्यक्ष असो की सभापती, स्वतःला काढण्याचा ठराव चर्चेला आला की खुर्चीवर बसायचं नाही, खाली सदस्यांत बसून बोलायचं. त्या दोन रकान्यांत ही एक ओळ दोघांना अगदी सारखी, असं तुम्ही सांगायचात. म्हणून तुमच्या बाकावर बसले. समोर फळ्यावर पोरांनी न पुसलेले ते दोन रकाने होतेच.

आणि मोठ्यानं बोलले. झेरॉक्सवाला डोकावून गेला, मी थांबले नाही. जे तिथे बोलले तेच इथे पुन्हा बोलते, म्हणजे पुढे कुणाला असं म्हणता येऊ नये की हे बोललंच गेलं नव्हतं. विधानसभेची मुदत संपली, नाना. आपला अर्ज व्यपगत झाला. पत्र मला मिळालं होतं. मी ते लपवलं आणि तुम्हाला दर रविवारी खोटं सांगितलं. तुम्ही म्हणत होतात ते बरोबर होतं, वरच्या घरात द्यायला हवा होता. चूक माझी.

झालं बोलून. आता लिहून घ्या.